बिडाच्या पट्टीनं आखलेली गिटार: व्हिडिओ बघून स्वतः बनवायची असेल तर

आधीच सांगतो, मला गिटार वाजवता येत नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप आहे. फाउंड्रीत वाळूत ठसा उठवायला जो लाकडी नमुना लागतो तो आम्ही करतो. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सचं कव्हर असली कामं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चालू केलं आणि आता मी बघतो. थोरली अकरावीला गेली आणि गिटार पाहिजे म्हणाली. दुकानात जाऊन दोन-चार हातात घेऊन बघितल्या आणि घरी येऊन बोलून बसलो, "लाकडाचीच तर आहे, करू की."

पहिली वाजायला चौदा महिने लागले. दुसरी पाच महिन्यांत झाली. शिकवणारा कुणी नव्हता, सगळं मोबाइलवर. आता आठवड्याला एखादं पोरगं शॉपवर येऊन "काका, कुठला व्हिडिओ बघितला?" असं विचारतं. कुठला बघितला यापेक्षा कसा बघितला हे जास्त कामाचं आहे, म्हणून वहीतलं इथं उतरवतोय.

व्हिडिओ बघायची रीत

एका माणसाची पहिल्या फळीपासून शेवटच्या तारेपर्यंतची एकच मालिका धरा. याचं मुंडकं, त्याचं पोट असं करू नका, कारण प्रत्येकाची मापं एकमेकांत गुंतलेली असतात. माणूस निवडताना मशिनी कमी आणि पटाशी-रंधा जास्त वापरणारा निवडा. आणि चुकल्यावर चुकलो म्हणून दाखवणारा. ज्याचं सगळं पहिल्या झटक्यात बसतं त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नसतं.

मालिका एकदा पूर्ण बघायची, लाकडाला हात न लावता. दुसऱ्यांदा बघताना वही घ्यायची. डाव्या पानावर मिनिट आणि कृती, उजवं पान कोरं. उजव्या पानावर नंतर आपल्याकडं त्याऐवजी काय आहे ते लिहायचं. मी ज्याची मालिका धरली तो कॅनडातला गडी जिथं स्पिंडल सँडर म्हणतो तिथं माझ्या वहीत "लेथच्या चकात पाइप, त्यावर पॉलिश पेपर" असं आहे. त्याच्या गो-बार डेकमध्ये फायबरच्या लवचिक काठ्या असतात. माझ्याकडं बुरूड गल्लीतनं आणलेल्या बांबूच्या कामट्या आहेत, अठ्ठावीस नग. वरनं फळी, खालनं काम, मध्ये वाकवून अडकवलेली कामटी. कामटी सरळ व्हायला बघते आणि खालचं लाकूड दाबून धरते. एवढ्या क्लॅम्पना जेवढे पैसे गेले असते त्यात लाकूड आलं.

व्हिडिओत जे कापलेलं असतं ते ओळखायला शिका. एका क्षणी गोंद लावतोय, दुसऱ्या क्षणी रंधा मारतोय. मधे काय झालं ते तो सांगत नाही. मी त्याच्या शर्टावर लक्ष ठेवायला लागलो. शर्ट बदलला की समजायचं, रात्र गेली. एका भागात त्यानं बाजूच्या पट्ट्या वाकवून साच्यात ठेवल्या आणि पुढच्या दृश्यात दाढी वाढलेली. म्हणजे आठवडा तरी गेलाच. मी दुसऱ्या दिवशी साच्यातून काढल्या होत्या आणि त्या बिचाऱ्या परत उलगडायला लागल्या होत्या. पटाशीला धार लावणं तर व्हिडिओत जवळजवळ नसतंच. खऱ्या कामात दर अर्ध्या तासाला असतं.

एखादी पायरी अवघड वाटली तर तेवढीच पायरी आणखी दोघांची बघा. तिघं जिथं सारखं करतात तो नियम, जिथं वेगळं करतात ती ज्याची त्याची सवय. तिथं तुम्ही तुमची लावा.

मापांचं एक पक्कं करून टाका. अमेरिकन लोक इंचाच्या अपूर्णांकात आणि हजाराव्या भागात बोलतात. उद्यमनगरातल्या माणसाला थाऊ म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. सगळं मिलिमीटरमध्ये करून वहीत घ्या आणि परत इंचाकडं बघू नका. मराठी सबटायटलच्या नादी लागू नका. मशिनी भाषांतरात माझ्या गिटारीला मान होती, पूल होता आणि एका ठिकाणी चक्क शेंगदाणा होता. तारा मुंडक्याकडं जाताना ज्या हाडाच्या पट्टीवर टेकतात, त्या नटचा तो शेंगदाणा.

आधी एक मोडकी उलगडा

लाकूड आणायच्या आधी दुरुस्तीवाल्याकडनं एखादी मेलेली गिटार घ्या. मला पाठ फुटलेली एक चारशेला मिळाली. जुन्या इस्त्रीनं सांध्यावर ऊब द्यायची, गोंद मऊ झाला की पुट्टी भरायची पातळ पात हळूहळू आत सरकवायची. एका रविवारात ती पूर्ण उघडली. वरची पाटी आतनं किती पातळ असते, तिला आधार देणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस, कशा फुलीसारख्या एकमेकींवरनं जातात, बाजूची पट्टी आणि पाटी यांच्यामधली दातेरी पट्टी कशी वळलेली असते, हे बोटांना कळतं. तीस व्हिडिओंत मला जाडीचा अंदाज आला नव्हता. व्हर्नियर लावला तर पाटी 2.8 भरली. आम्ही पॅटर्नमध्ये भिंती बारा-पंधराच्या ठेवणारी माणसं, मला ते लाकूड वाटेना, पापड वाटला.

लाकूड

वरच्या पाटीवर पैसे घाला, बाकी भागवून घेता येतं. हे माझं मत नाही. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेसनं 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती, आवाज वरच्या पाटीतनं येतो हे दाखवायला. त्यामुळं स्प्रूसचं लाकूड विकत आणा, एकाच फळीतनं पुस्तकासारख्या उघडलेल्या दोन पाट्या, रेषा सरळ आणि जवळजवळ.

पाठ-बाजूसाठी मात्र आपण नशीबवान आहोत. 1992 मध्ये ब्राझीलच्या रोजवुडच्या जागतिक व्यापारावर बंदी आली, पण त्याच्या आधीपासूनच जगभरचे गिटारवाले जास्त करून आपल्याकडच्या शिसवीकडं वळले होते. टिंबर मार्केटात विचारा, पण त्याच्या आधी घरातल्या माळ्यावर बघा. माझा फिंगरबोर्ड, म्हणजे गळ्यावरची बोटं दाबायची पट्टी, आजीच्या शिसवी पलंगाच्या मोडक्या बाजूतनं निघाला. 500 लांब, 65 रुंद, 7 जाड एवढाच तुकडा लागतो, आणि पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड कुठं मिळतंय? गळ्यासाठी तूनचं लाकूड घ्या. मिरजेचे सतारवाले तेच वापरतात. सागवान चालतं, पण जड पडतं आणि तेलकट असतं. चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्यायला लागतं.

गोंदाबद्दल अण्णांशी वाद झाला आणि अण्णा जिंकले. सुतारकामाचा नेहमीचा पांढरा गोंद सतत ताण असला की हळूहळू सरकतो, त्यात उन्हातल्या गाडीत गिटार राहिली की विचारू नका. तारांचा ओढा सत्तर किलोच्या वर असतो, आणि तो रात्रंदिवस. ब्रिजला, म्हणजे पाटीवर तारा जिथं अडकवतात त्या लाकडाला, आणि गळ्याला अण्णांनी जुना सरस लावायला लावला. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात सरस, साठ अंशांच्या आसपास. वास येतो, पण बाहेर खडक होतो आणि दुरुस्तीला ऊब दिली की सुटतोही. तो सुटतो याचा मला लवकरच उपयोग होणार होता.

हवा

हे एकाही व्हिडिओत मला कोल्हापूरकरांच्या कामाचं सापडलं नाही, म्हणून इथं थांबतो. तो कॅनडावाला पंचेचाळीस टक्के दमटपणाच्या खोलीत काम करतो. एकदाच म्हणतो आणि पुढं जातो, कारण त्याची खोली बारा महिने तशीच असते. माझ्या शॉपमधला हायग्रोमीटर ऑगस्टात 88 दाखवतो आणि फेब्रुवारीच्या दुपारी 30.

लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, रुंदीला हलतं. ऑगस्टात 400 मिलिमीटर मापलेली स्प्रूसची पाटी फेब्रुवारीत चारेक मिलिमीटरनं कमी भरली. आता बघा, पाटीच्या रुंदीला आडव्या ब्रेस चिकटवलेल्या असतात. ब्रेस त्यांच्या लांबीला आकसत नाहीत, पाटी रुंदीला आकसायला बघते, आणि बाजूनी धरलेली असते. मग ती आत बसते नाहीतर फाटते. माझी पहिली पाटी गणपतीच्या आधल्या आठवड्यात चिकटवली होती. होळीच्या सुमारास रात्री शॉपमध्ये टाळी वाजवल्यासारखा आवाज आला. मधला जोड हातभर उघडला होता.

तेव्हा ब्रेस चिकटवणं, पाटी आणि पाठ बंद करणं ही कामं दिवाळीनंतर ते संक्रांतीच्या आसपास करा, काटा 40 ते 50 मध्ये असेल तेव्हाच. पावसाळ्यात साचे करा, जिग करा, गळा ढोबळ कोरून ठेवा, पटाश्यांना धार लावा. थांबवतच नसेल तर जुन्या कपाटात बल्ब लावून लाकूड त्यात ठेवा आणि चिकटवण्यापुरतं बाहेर काढा.

बाजू वाकवणं

सगळे याला घाबरतात आणि हेच सगळ्यात सोपं आहे. दोन-अडीच इंची पाइप, आत गरम करायची सोय. बाजूची पट्टी दोन मिलिमीटरवर आणलेली आणि पाण्यात ओली केलेली. पाइप तापला का ते भाकरीच्या तव्यासारखं बघायचं. पाण्याचा थेंब टाकला आणि चरचरत बसला तर थांबा, नाचत पळाला तर तयार. पट्टी टेकवून नुसती धरायची, जोर लावायचा नाही. काही सेकंदांत हाताखाली लाकूड सैल पडतं आणि आपण होऊन वळायला लागतं. ते व्हिडिओत दिसत नाही, हाताला कळतं. कंबरेपासून सुरुवात करा. तिथली वळणं एकदा बसली की वरचं-खालचं पोट बसवता येतं. चिकटवताना दातेरी पट्टीला कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. मी आमच्या गच्चीवरचे सगळे नेले, दोन दिवस घरात बोलणी खाल्ली.

वरची पाटी सपाट नसते. ती फार मोठ्या गोलाचा तुकडा असते, त्रिज्या साधारण 28 फूट. 400 मिलिमीटर रुंदीत हा उंचवटा जेमतेम 2.3 येतो. पाठीला 15 फूट, म्हणजे 4.4 मिलिमीटरच्या आसपास. बाकीचे यासाठी खोलगट तबकडी विकत घेतात. पॅटर्नवाल्याला ती करायला एक दुपार लागते. तुमच्या ओळखीचा कुणी पॅटर्नवाला असेल तर त्याला चहा पाजा.

ब्रेस आणि आवाज

चिकटवल्यावर ब्रेस पटाशीनं उतरवायच्या असतात. किती, ते सांगायला व्हिडिओवाले पाटी कानाजवळ धरतात, बोटानं टकटक करतात आणि "ऐका" म्हणतात. मोबाइलच्या स्पीकरमधनं काय डोंबल ऐकू येणार? इथं मी हात टेकले होते. मग ध्यानात आलं की हे काम आम्ही रोज करतो. फाउंड्रीत कास्टिंग दोरीला लटकवून हातोडीनं ठोकतात. अखंड असेल तर घणघणतं, आत चीर असेल तर बद्द वाजतं. पाटीचंही तेच. तिला दोन बोटांच्या चिमटीत कडेजवळ हलकं धरायचं, कान जवळ, ब्रिजच्या जागेवर टकटक. सुरुवातीला ब्रेस 14 उंच असताना "टक्" येतो आणि तिथंच मरतो, टेबल ठोकल्यासारखा. एक-एक सालपट काढत जायचं, टोकांकडनं. दर चार सालपटांनी ठोकायचं. कधीतरी "टक्"च्या मागं "मम्" असं शेपूट येतं. ते शेपूट लांबत जातं. लांबायचं थांबलं की पटाशी खाली ठेवायची. मी पहिल्या गिटारीला आणखी दोन सालपटं काढली, आवाज सैल पडला, ढोलकीला पाणी लागल्यासारखा. ती पाटी भिंतीवर टांगलीय. पोरं आली की आधी तीच ठोकायला देतो.

पडदे

आता ज्याच्यासाठी मी शॉपमध्ये बदनाम आहे ते.

गिटारीचे पडदे, म्हणजे फ्रेट, कुठं बसवायचे याचा हिशेब साधा आहे. तारेची लांबी, नटपासून ब्रिजपर्यंत, 648 धरा. तिला 17.817 नं भागा, 36.37 आले, तो पहिला फ्रेट. उरले 611.63. त्याला परत 17.817 नं भागा, 34.33 आले. म्हणजे दुसरा फ्रेट नटपासून 70.70 वर. असं करत गेलं की बारावा बरोबर मध्यावर, 324 वर येतो. तिथं आला नाही तर हिशेब चुकलाय. जुने लोक सरळ 18 नं भागायचे. गॅलिलिओचा बाप व्हिन्चेन्झो गॅलिली यानं 1581 मध्ये तेच सांगितलं होतं. तसं भागलं की बारावा दोन-अडीच मिलिमीटर अलीकडं पडतो, पण तार दाबली की ताणून सूर थोडा चढतो, त्याची भरपाई त्यात होऊन जायची.

आखताना प्रत्येक फ्रेट नटपासून मोजा. आधीच्या फ्रेटपासून मोजलं तर प्रत्येक वेळची केसभर चूक पुढं सरकत जाते. खाच फ्रेटच्या पातीएवढीच पाहिजे, साधारण 0.58 मिलिमीटर. साध्या करवतीनं रुंद पडते, फ्रेट ढिला बसतो. त्यासाठीची करवत वेगळी घ्या.

मी सगळं असंच केलं. दोन रात्री बसून, भिंगाखाली, मार्किंग नाइफनं. तारा चढवल्या, थोरलीनं वाजवली. खालचे स्वर छान. वर सरकली तशी तिच्या कपाळाला आठी. "पप्पा, खाली बरं आहे, वर गेलं की चढतंय." ट्यूनर लावला. पाचव्या फ्रेटला पाच-सहा सेंट जास्त, बाराव्याला सतरा. सेंट म्हणजे एका सेमीटोनचा शंभरावा भाग. आठवडाभर मी तारा बदलल्या, नट घासला, गळा सरळ केला. शेवटी अण्णा आले, माझ्या टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली, चष्मा वर करून तिचं टोक बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"लेका, बिडाची गिटार ओतायची होती काय?"

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतल्यावर थंड होताना शंभरात एक आकसतं. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायला लागतो, आणि दर वेळी हिशेब नको म्हणून आमच्याकडं श्रिंकेज पट्टी असते. तिच्यावरचा मिलिमीटर शंभरात एक मोठा असतो. डोळ्यांना कळत नाही, टोकाला शिक्का असतो. मी फ्रेट तिनं आखले होते आणि ब्रिज साध्या टेपनं. फ्रेट 654.5 च्या तारेचे, तार 648 ची. थोरलीच्या कानानं सहा मिलिमीटर पकडले होते.

फ्रेट आपसांत बरोबर होते, म्हणून बोर्ड वाचला. इस्त्री, ओलं फडकं, पातळ पात, सरस सुटला, ब्रिज साडेसहा मिलिमीटर मागं. जुनी भोकं शिसवीच्या खुंट्यांनी बुजवली. पॉलिशवर फिकट चौकोन राहिला तो राहिलाच. तेव्हा घरात एकच पट्टी ठेवा, आणि फ्रेटपासून ब्रिजपर्यंत सगळं तिनंच.

पुढच्याच आठवड्यात काही कामानं मिरजेला गेलो होतो, तिथल्या एका सतारवाल्याला हे सांगितलं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्यांच्याकडं बघायला येणारे वाढलेत, पण मी कुणी पाहुणा नाही म्हटल्यावर गडी मोकळा बोलला. हातातली सतार पुढं केली आणि एक पडदा बोटानं सरकवून दाखवला. "आमचे दोऱ्यानं बांधलेले असतात. चुकलं तर हलवायचं. तुमचे ठोकलेले. तुम्हाला माफी नाही." मग जवारी, म्हणजे सतारीच्या ब्रिजचा माथा, लावताना तो कसा घासतो आणि ऐकतो, घासतो आणि ऐकतो, ते तासभर बघत बसलो. ब्रिजवरची हाडाची पट्टी, म्हणजे सॅडल, मी तेव्हापासून तसंच करतो.

शेवटची जुळणी

पॉलिश थोडक्यात सांगतो, कारण त्यासाठी कोल्हापुरात जाणती माणसं आहेत. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश करा, जुन्या फर्निचरवाल्याकडनं हात शिकून घ्या आणि पावसात करू नका, पांढरट येतं.

सॅडल सरळ रेषेत बसवायचं नाही. पहिल्या तारेला 648 च्या पुढं दोनेक मिलिमीटर, सहाव्या जाड तारेला चार-पाच, म्हणजे ते तिरकं येतं. दाबल्यावर तार ताणते त्याची ही भरपाई. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची सहाव्याला 2.4, पहिल्याला 1.9 च्या आसपास ठेवा. पहिले चार दिवस तारा अर्ध्या ताणावर ठेवा, मग पूर्ण सुरात आणा आणि महिन्यानं परत मोजा. लाकूड बसतं.

आणि सॅडल दोन करा. पावसाळ्यात वरची पाटी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा अर्धा मिलिमीटर चढतात. बोटं दुखायला लागतात. तेव्हा थोडं बुटकं सॅडल घालायचं, दिवाळीत परत उंच. आमच्या केसमध्ये दोन्ही असतात, कागदाच्या पुडीत. बुटक्याच्या पुडीवर थोरलीनं, पंचगंगेच्या पुराची इशारा पातळी धरून, लिहून ठेवलंय: "राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट झालं की हे."